वाचकांचे प्रश्न : पीतज्वराचे प्रयोग आणि जुन्या पत्रांची साक्ष

गेल्या अंकात डासांनी पसरणाऱ्या रोगांविषयीच्या एका प्रश्नाला उत्तर देताना क्यूबातील हवाना शहराजवळ १९०० साली झालेल्या पीतज्वराच्या (यलो फीव्हर) प्रयोगांचा ओझरता उल्लेख आला होता. अमेरिकन लष्करातील डॉक्टर मेजर वॉल्टर रीड यांच्या आयोगाने माणसांना मुद्दाम डास चावू देऊन हा रोग डासांमार्फत पसरतो हे सिद्ध केले, एवढेच तेथे सांगितले होते. त्यावर सीमाभागातून अपेक्षेपेक्षा जास्त पत्रे आली. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र करून त्यांपैकी काहींची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : आम्ही वर्षानुवर्षे मुलांना शिकवले की, पीतज्वर डासामुळे होतो हे वॉल्टर रीड यांनी शोधून काढले. क्यूबातले लोक मात्र हे श्रेय कार्लोस फिनले यांना देतात असे वाचनात आले. मग खरे श्रेय कोणाचे?
– निवृत्त विज्ञान शिक्षक, निपाणी

उत्तर : कल्पना फिनले यांची आणि पुरावा रीड यांच्या आयोगाचा, असे उत्तर दिले तर ते चुकीचे ठरणार नाही, पण या दोघांच्या मध्ये आणखी एक माणूस उभा आहे आणि पाठ्यपुस्तके त्याला सहसा विसरतात.

फिनले हे हवानात वैद्यकी करणारे डॉक्टर. फेब्रुवारी १८८१ मध्ये वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत त्यांनी असे मांडले की, रोगी आणि निरोगी माणूस यांच्यामध्ये रोग वाहून नेणारा तिसरा कोणीतरी असलाच पाहिजे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हवानाच्या विज्ञान अकादमीपुढे त्यांनी हा तिसरा म्हणजे एका विशिष्ट जातीचा डास होय, असे नेमकेपणाने सांगितले. तो डास आज एडिस इजिप्ती या नावाने ओळखला जातो. नळाला रोज पाणी येत नाही म्हणून बेळगावातल्या घराघरांत भरून ठेवलेल्या पिंपांत वाढणारा, डेंग्यू पसरवणारा डास तो हाच. पुढची वीस वर्षे फिनले यांनी शंभराहून अधिक माणसांना असे डास चाववून पाहिले, पण कोणाही शंकेखोराचे तोंड बंद होईल असा निःसंशय रोगी काही त्यांना दाखवता आला नाही, आणि हवानातले त्यांचे व्यवसायबंधू त्यांची कल्पना हसण्यावारी नेत राहिले.

अडचण वेळेची होती. रोग्याला चावलेला डास फिनले काही दिवसांतच निरोगी माणसाला चावू देत, आणि तोवर तो डास रोग देण्याच्या अवस्थेला पोहोचलेलाच नसे. हा धागा हेन्री रोज कार्टर या अमेरिकन डॉक्टरांच्या हाती लागला. वर म्हटलेला मधला माणूस तो हाच. १८९८ साली मिसिसिपी राज्यातील ऑरवुड आणि टेलर या दोन लहान वस्त्यांत पीतज्वराची साथ आली असताना त्यांनी घराघरांतील तारखा जुळवल्या आणि त्यांच्या असे लक्षात आले की, पहिला रोगी घरात आला म्हणून त्या घरात येणारे-जाणारे लगेच आजारी पडत नाहीत. मध्ये साधारण दोन आठवडे जावे लागतात आणि मग ते घर धोक्याचे होते. कार्टर यांनी यात डासाचे नाव घेतले नव्हते. पण त्यांचे निरीक्षण आयोगातील जेसी लाझिअर यांना ठाऊक होते, ब्रिटिश डॉक्टर रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली सिकंदराबादला हिवतापाच्या डासाबाबत काय दाखवून दिले हेही ठाऊक होते, आणि फिनले यांनी स्वतः दिलेली डासांची अंडी त्यांच्यापुढे होती. या तिन्ही गोष्टी एका टेबलावर आल्या, तेव्हा कोडे सुटले. रोग्याला आजाराच्या पहिल्या तीन दिवसांत डास चावला पाहिजे आणि त्यानंतर सुमारे बारा दिवस लोटले पाहिजेत, हे दोन्ही जुळले तरच रोग पुढे जातो.

आता पुरावा. २० नोव्हेंबर १९०० रोजी हवानाजवळ माळरानावर एक छावणी उभी राहिली. सप्टेंबरात मरण पावलेल्या लाझिअर यांचेच नाव तिला दिले होते. तेथे दोन लाकडी खोल्या बांधल्या. पहिली चौदा फूट रुंद आणि वीस फूट लांब, हवा खेळू नये अशी कोंदट, शेगडीने तापवलेली आणि जाळ्या लावून डासांना पूर्ण बंद केलेली. पीतज्वराच्या रोग्यांची ओकारी, मलमूत्र आणि रक्त लागलेल्या चादरी, उशा, कपडे पेट्यांत भरून तेथे आणले गेले. डॉ. रॉबर्ट कुक आणि दोन सैनिक यांनी ३० नोव्हेंबरला त्या पेट्या उघडल्या, तेव्हा दुर्गंधीने ते तिघे बाहेर धावत सुटले. पण पुन्हा आत गेले, त्याच अंथरुणांवर आडवे झाले आणि वीस रात्री तेथे झोपले. तिघांपैकी एकालाही ताप आला नाही. त्यांच्या नंतर त्या खोलीत झोपलेले इतरही निरोगीच बाहेर आले. दुसरी खोली स्वच्छ, हवेशीर, प्रत्येक वस्तू निर्जंतुक केलेली. मध्ये तारेच्या जाळीचा पडदा. २१ डिसेंबरला एका बाजूला पंधरा डास सोडले आणि जॉन मोरान हा तरुण कारकून अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून तेथे जाऊन पडला. पडद्यापलीकडे दोघे जण तीच हवा श्वासात घेत बसले होते. नाताळच्या दिवशी मोरान तापाने फणफणला. पलीकडचे दोघे ठणठणीत राहिले.

घाणेरड्या कपड्यांनी रोग पसरतो, ही जगभरच्या बंदरांत सामान जाळायला लावणारी समजूत त्या दोन खोल्यांनी संपवली. पाठोपाठ तेथील अमेरिकन लष्करी आरोग्य अधिकारी विल्यम गॉर्गस यांनी हवानात घरोघरी माणसे पाठवून साठवलेले पाणी झाकायला आणि साचलेल्या पाण्यावर तेल टाकायला लावले, आणि १९०१ सालच्या अखेरीपर्यंत ते शहर पीतज्वरातून मोकळे झाले. फिनले यांना असे काही करून दाखवता आले नव्हते, हे मान्य करावेच लागते. पण रीड यांनी आपल्या पहिल्याच निबंधात फिनले यांच्या सिद्धान्ताचा आणि त्यांनी दिलेल्या अंड्यांचा स्पष्ट उल्लेख केला आहे. फिनले यांना बाजूला सारण्याचे काम रीड यांच्यापेक्षा नंतरच्या चरित्रांनी आणि शाळेच्या पुस्तकांनी केले, असे माझे मत आहे. फिनले यांचे नाव नोबेल पारितोषिकासाठी अनेकदा सुचवले गेले. ते त्यांना मिळाले नाही.

प्रश्न : मी वैद्यकाच्या इतिहासावर प्रबंध लिहीत आहे. फिलिप हेंच या डॉक्टरांनी पीतज्वराच्या प्रयोगांतील हयात माणसांशी केलेला पत्रव्यवहार सध्या वाचत आहे. घटनेनंतर चाळीस वर्षांनी लिहिलेल्या या पत्रांवर किती भरवसा ठेवावा? विशेषतः लाझिअर यांचा मृत्यू अपघाताने झाला की त्यांनी स्वतःवर प्रयोग केला, याबाबत कागदांतून काय हाती लागते?
– संशोधक विद्यार्थी, खानापूर

उत्तर : ज्या वाचकांना हेंच हे नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडे सांगतो. हेंच हे अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये संधिवाताचे डॉक्टर होते आणि कॉर्टिझोन या औषधावरील कामासाठी १९५० साली त्यांना दोघांच्या बरोबरीने नोबेल पारितोषिक मिळाले. पीतज्वराशी त्यांचा धंद्याने काही संबंध नव्हता. तरीही १९३०च्या दशकाच्या अखेरीपासून १९६५ साली मृत्यू येईपर्यंत ते या एका विषयाच्या मागे लागले होते. मोरान, छावणीतल्या प्रयोगात पहिला रोगी ठरलेला सैनिक जॉन किसिंजर, मृत डॉक्टरांचे नातेवाईक, क्यूबातील अधिकारी अशा साऱ्यांना त्यांनी पत्रे लिहिली, पुन्हा पुन्हा तेच प्रश्न वेगळ्या तऱ्हेने विचारले, जुने फोटो आणि नकाशे मागवले. ती छावणी नेमकी कोठे होती हेसुद्धा लोक विसरून गेले होते. हेंच यांनी मोरान यांना बरोबर घेऊन १९४० साली ती जागा हुडकली, आणि पहिल्या खोलीचे लाकूडकाम तेव्हाही उभे होते. १९५२ साली तेथे स्मारक झाले. त्यांचा सारा संग्रह आता व्हर्जिनिया विद्यापीठात आहे. रीड यांनी वैद्यकीची पदवी घेतली ती तेथेच. त्यातील हजारो कागदांच्या प्रती विद्यापीठाने संगणकावर सर्वांसाठी खुल्या केल्या आहेत, त्यामुळे आपल्याला खानापुरात बसून ते वाचता येतात.

आता भरवशाचा प्रश्न. माझा सल्ला असा की, प्रत्येक पत्र उघडताना त्यातील मजकुराआधी तारीख पाहावी आणि त्या तारखेपर्यंत पत्र लिहिणाऱ्याने काय काय वाचले-ऐकले असेल याचा अंदाज घ्यावा. मोरान आणि किसिंजर हेंच यांना लिहू लागले तोवर या प्रयोगांवर चरित्रे निघाली होती, न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर नाटक आले होते आणि लवकरच त्याचा चित्रपटही झाला. माणूस आपली आठवण सांगताना नकळत नाटकातला संवाद सांगू लागतो, आणि त्यात खोटेपणा नसतो. दुसरे म्हणजे, १९२९ साली अमेरिकेच्या काँग्रेसने प्रयोगांत भाग घेतलेल्यांची सन्मानयादी केली आणि त्यांना किंवा त्यांच्या वारसांना दरमहा १२५ डॉलरचे निवृत्तिवेतन मंजूर केले. आपल्याकडे स्वातंत्र्यसैनिकांचे निवृत्तिवेतन सुरू झाल्यावर कोणी तुरुंगात किती दिवस काढले याच्या आठवणी गावोगाव एकदम तपशीलवार झाल्या, तसाच हा प्रकार. यादीत कोण आला, कोण राहिला, पहिला कोण आणि दुसरा कोण, याला १९२९ नंतर पैशाचे आणि मानाचे वजन आले, आणि त्यानंतरच्या प्रत्येक पत्रात ते वजन कमी-अधिक जाणवते.

याउलट रीड यांनी डिसेंबर १९०० मध्ये पत्नीला लिहिलेली पत्रे पाहा. किसिंजर ५ डिसेंबरला डास चावून घेतो, तीन दिवसांनी आजारी पडतो, आणि लगेच ९ डिसेंबरला रीड घरी कळवतात. त्या पत्रात आनंद ओसंडून वाहतो, रीड यांना थोडा गर्वही झालेला दिसतो. पण कोण केव्हा आजारी पडला हे ते पत्र ज्या ताजेपणाने सांगते तो ताजेपणा १९४० सालच्या कोणत्याही पत्रात सापडणार नाही. मात्र येथेही सावध राहावे. पत्नीला लिहिताना नवरा आपल्या सहकाऱ्यांचा वाटा सांगत बसत नाही. ऑगस्ट-सप्टेंबर १९०० मध्ये, म्हणजे नेमक्या निर्णायक आठवड्यांत, रीड क्यूबात नव्हतेच. ते वॉशिंग्टनला विषमज्वराच्या अहवालात गुंतले होते. आयोगातले डॉक्टर जेम्स कॅरोल यांनी २७ ऑगस्टला स्वतःला डास चावून घेतला आणि ते मरता मरता वाचले, तो डास लाझिअर यांनी सांभाळलेला होता. आयोगातले चौथे डॉक्टर आग्रामोंते यांनी १९१५ साली आपली हकीकत छापली, कॅरोल यांनीही १९०७ साली मृत्यू येण्यापूर्वी आपली बाजू मांडली होती, आणि या दोघांच्या व रीड यांच्या सांगण्यात जागोजाग फरक आहेत. ते फरक मिटवायला जाऊ नका. प्रबंधात ते फरकच शेजारी शेजारी ठेवा.

लाझिअर यांच्याबाबत आयोगाने छापलेली हकीकत अशी की, १३ सप्टेंबरला हवानाच्या लास आनिमास रुग्णालयात रोग्यांना डास चाववत असताना एक मोकळा डास त्यांच्या हातावर बसला, तो त्यांनी हाकलला नाही, आणि २५ सप्टेंबरला ते पीतज्वराने गेले. ते चौतीस वर्षांचे होते. पण प्रयोगाच्या वहीत त्या सुमारास एका नोंदीत चावा घेतलेल्याचे नाव न लिहिता ‘गिनीपिग क्रमांक १’ असे लिहिलेले आहे, आणि तो गिनीपिग म्हणजे लाझिअर स्वतःच, असे अनेक इतिहासकारांचे मत आहे. डास ओळखण्यात आयुष्य घालवणारा माणूस रोग्यांच्या खोलीत हातावर बसलेला डास पाहून स्वस्थ बसेल, हे मलाही पटत नाही. मुद्दाम घेतलेला चावा उघड केला असता तर विम्याचे पैसे आणि कुटुंबाची सोय अडचणीत आली असती, म्हणून अपघात म्हटले गेले, असाही तर्क केला जातो. लाझिअर यांची खिशातली छोटी टिपणवही रीड यांच्याजवळ होती. रीड २२ नोव्हेंबर १९०२ रोजी अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेनंतर वारले आणि ती वही नाहीशी झाली. हेंच यांनी तिचा शोध घेण्यात पुष्कळ पत्रे खर्ची घातली.

हा शोध आपण त्यांच्या पत्रांतून क्रमाने वाचावा, असे मी सुचवीन. हेंच यांनी निष्कर्षांपेक्षा आपल्या शंका अधिक काळजीने जपून ठेवल्या आहेत. पत्राची कार्बन प्रत, आलेले उत्तर, त्या उत्तरावर मार्जिनमध्ये टाकलेले प्रश्नचिन्ह, हे सारे एकत्र राहिल्यामुळे त्यांना काय ठाऊक होते आणि केव्हा ठाऊक झाले हे आज कोणालाही तपासता येते. आपल्याकडच्या अनेक नामवंत अभ्यासकांची आलेली पत्रे घरच्यांनी जपली, पण त्यांनी पाठवलेल्या पत्रांच्या प्रती नाहीत, म्हणून अर्धाच संवाद हाती राहतो. आपण स्वतः कोणाला माहिती विचारणार असाल तर पाठवलेल्या प्रत्येक प्रश्नाची प्रत तारखेसह आजच वेगळ्या फाइलीत लावायला सुरुवात करा.

प्रश्न : माणसांवर प्रयोग करण्यापूर्वी रीड यांनी लेखी करार केले होते असे वाचनात आले. पैसे देऊन घेतलेली अशी संमती कायद्याच्या दृष्टीने खरी संमती म्हणता येईल का?
– वकील, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : प्रश्न वकिलाचा आहे, तेव्हा आधी कागदच समोर ठेवू. पहिला करार २६ नोव्हेंबर १९०० रोजीचा आहे. आंतोनियो बेनिग्नो या नावाचा एक स्पॅनिश स्थलांतरित आणि आयोगातर्फे रीड, असे दोन पक्ष. मजकूर स्पॅनिश आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत. सही करणाऱ्याने आपण पंचवीस वर्षांहून मोठे आहोत आणि स्वखुशीने तयार होत आहोत असे त्यात म्हटले आहे. पीतज्वर झाला तर आपल्या जिवाला काही प्रमाणात धोका आहे हे आपल्याला पूर्ण समजते. पण या बेटावर राहून रोग टाळणे तसेही अशक्य असल्याने, आयोगाकडून उत्तम शुश्रूषा मिळेल या विश्वासावर आपण तो मुद्दाम ओढवून घेणे पसंत करतो, असा त्याचा आशय आहे. मोबदला अमेरिकन सोन्याच्या नाण्यांत १०० डॉलर. रोग झालाच तर आणखी १०० डॉलर. मृत्यू आला तर ही रक्कम त्याने सांगितलेल्या माणसाला. प्रयोग चालू असताना छावणी सोडून जायचे नाही, गेल्यास पैसे बुडाले.

या कागदाची थोरवी आणि त्याची खोट, दोन्ही त्याच्या मजकुरातच आहेत. थोरवी अशी की, त्या काळी असे काही करण्याची रीत नव्हती. तीनच वर्षांपूर्वी, १८९७ साली, इटालियन जंतुशास्त्रज्ञ ज्युसेप्पे सानारेल्ली यांनी पीतज्वराचा जंतू सापडल्याचे जाहीर केले होते आणि तो पाच रुग्णांना त्यांना न विचारता टोचला होता. त्यावर विख्यात डॉक्टर विल्यम ऑस्लर यांनी हा सरळसरळ गुन्हा आहे अशी टीका केली. रीड ती टीका विसरलेले नव्हते. त्यांनी क्यूबाचे अमेरिकन गव्हर्नर जनरल लिओनार्ड वुड यांची परवानगी घेतली आणि हवानातील स्पॅनिश वकिलातीलाही या प्रकाराची कल्पना दिली गेली. ज्याच्यावर प्रयोग करायचा त्याला धोका आधी सांगायचा आणि त्याची सही घ्यायची, हे दाखवणारा इतका जुना कागद दुसरा सहज सापडत नाही.

खोट अशी की, ‘येथे राहून रोग टाळणे अशक्य’ हे वाक्य संमती देणाऱ्याच्या तोंडी घातलेले आहे. नुकत्याच आलेल्या स्पॅनिश मजुरांना हवानात पीतज्वर होण्याची शक्यता फार मोठी होती हे खरे. पण मोठी शक्यता आणि अटळ गोष्ट यांत अंतर असते, आणि आपल्याला ते अंतर कोर्टात रोज मोजावे लागत असेल. धोका ‘काही प्रमाणात’ आहे असे लिहिले त्याच्या दोन महिने आधी आयोगाचा स्वतःचा डॉक्टर याच रोगाने मेलेला होता. शिवाय त्या वेळी अमेरिकन लष्करातल्या साध्या सैनिकाचा महिन्याचा पगार १३ डॉलर होता. १०० डॉलर म्हणजे त्याच्या सात महिन्यांहून अधिक पगार, आणि बोटीतून उतरलेल्या मजुराची तर गोष्टच सोडा. पोटाची विवंचना असलेल्या माणसाला हे आमिष नाकारता येते का, हा आपला खरा प्रश्न आहे, आणि माझे उत्तर असे की, ही संमती पोकळ नव्हती पण समान पातळीवरचीही नव्हती. मोरान आणि किसिंजर यांनी पैसे नाकारून प्रयोगात भाग घेतला असे सांगितले जाते आणि त्याचे फार कौतुक होते. पैसे घेणाऱ्या स्पॅनिश मजुरांनी तोच धोका पत्करला होता, तरी त्यांची नावे फारशी कोणाला माहीत नाहीत.

लाझिअर छावणीत मुद्दाम आजारी पाडलेल्यांपैकी एकही दगावला नाही, हे सुदैव. पुढच्याच वर्षी क्यूबन डॉक्टर ह्वान गितेरास यांच्या देखरेखीखाली हवानात पुन्हा असे प्रयोग झाले, तेव्हा तिघे मेले. त्यांतली एक क्लारा मास ही पंचवीस वर्षांची अमेरिकन परिचारिका. तिलाही १०० डॉलर मिळाले होते आणि ते ती आईकडे पाठवत होती. २४ ऑगस्ट १९०१ रोजी ती गेली आणि वर्तमानपत्रांतून असा गदारोळ उठला की हवानात माणसांवरचे प्रयोग थांबले.

तुलनेसाठी आपल्या इकडचे उदाहरण घ्या. रॉस यांनी १८९७ साली सिकंदराबादला हुसेन खान नावाच्या हिवतापाच्या रोग्याला डास चावू दिले. त्याचा मोबदला डासामागे एक आणा होता आणि त्याला दहा आणे मिळाले. तो आधीच आजारी होता, त्यामुळे धोका वाढला असे नाही; पण त्याची सही असलेला कागद कोठेही नाही. त्याचे नाव इतिहासात राहिले ते रॉस यांनी लिहून ठेवले म्हणून.

प्रश्न : एवढा धोका होता तर माणसांऐवजी प्राण्यांवर प्रयोग का केले नाहीत?
– विज्ञान शाखेची विद्यार्थिनी, बेळगाव

उत्तर : कारण पीतज्वर होणारा प्राणीच तेव्हा कोणाला ठाऊक नव्हता. ससे, गिनीपिग, कुत्रे सगळे वापरून झाले होते. १९०१ साली कॅरोल यांनी रोग्याचे रक्तद्रव जंतू अडवणाऱ्या बारीक गाळणीतून गाळले, ते माणसांना टोचले, आणि रोगकारक घटक त्या गाळणीतूनही पार होतो हे दाखवले. विषाणूमुळे माणसाला होणारा रोग म्हणून सिद्ध झालेला हा पहिला. तरीही प्रयोगशाळेत तो वाढवायला प्राणी हवा होता, आणि तो मिळायला १९२७ साल उजाडावे लागले. पश्चिम आफ्रिकेत रॉकफेलर फाउंडेशनच्या तुकडीने आजच्या घाना देशातील असिबी नावाच्या तरुणाचे रक्त भारतातून आणलेल्या ऱ्हीसस माकडाला टोचले आणि ते माकड पीतज्वराने मेले. आफ्रिकेतली स्थानिक माकडे मात्र आजारी पडत नव्हती. शतकानुशतके त्या रोगाच्या सान्निध्यात राहिल्यामुळे ती सरावली होती. उत्तर भारतात जागोजाग दिसणाऱ्या त्या माकडामुळे संशोधन पुढे सरकले. तरी प्रयोगशाळेत माणसे मरायची थांबली नाहीत. त्या तुकडीतले एड्रियन स्टोक्स त्याच वर्षी सप्टेंबरात गेले, आणि १९२८ सालच्या मे महिन्यात अक्रा येथे हिदेयो नोगुची आणि त्यांच्या पाठोपाठ विल्यम यंग. असिबीच्या रक्तातल्या त्याच विषाणूपासून मॅक्स थायलर यांनी १९३७ साली आज वापरात असलेली १७डी ही लस तयार केली, आणि हेंच यांच्या पुढच्याच वर्षी, १९५१ साली, त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

प्रश्न : आमच्या बाजूला जंगलात माकडे मेली की लोक पीतज्वर आला म्हणतात, आरोग्य खात्याचे लोक माकडताप म्हणतात. दोन्ही एकच का? पीतज्वराची लस घेतली तर चालेल का?
– शेतकरी, कणकुंबी परिसर

उत्तर : दोन्ही एक नव्हेत, पण गफलत होण्यास इतिहासातच कारण आहे. १९५७ साली शिवमोग्गा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात माकडे पटापट मरू लागली आणि आसपासची माणसे तापाने आजारी पडू लागली. दक्षिण अमेरिकेच्या जंगलांत माकडे मरणे ही पीतज्वराची पहिली खूण मानली जाते, त्यामुळे तो भारतात शिरला की काय या शंकेने पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राचे लोक तेथे धावले. हे केंद्र १९५२ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि तीच रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून काढलेले. आज तीच राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. तपासाअंती निघाला तो नवाच विषाणू, म्हणजेच माकडतापाचा, पीतज्वराच्या विषाणूचा भाऊबंद खरा, पण डासांतून नव्हे तर गोचिडांतून पसरणारा. २०१६ साली शेजारच्या दोडामार्ग तालुक्यात आणि आपल्या बेळगाव जिल्ह्यातही त्याचे रोगी सापडले. काजूच्या बागांत आणि जंगलात वाळकी पाने, सरपण गोळा करणाऱ्यांना त्याचा धोका सर्वांत जास्त.

पीतज्वराच्या लशीचा माकडतापावर काही उपयोग नाही. ती लस आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेतील रोगग्रस्त देशांत जाणाऱ्यांसाठी आहे. पीतज्वर भारतात आजवर आलेला नाही. माकड मेलेले दिसले तर हात लावू नका, जनावरांना त्या बाजूला नेऊ नका आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा, कारण माकडाच्या अंगावरच्या गोचिडी ते मेल्यावर खाली उतरून नवे अंग शोधतात. जंगलात जाताना अंगभर कपडे घालावेत, गोचीड पळवणारे तेल हातापायांना लावावे, आणि घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाकून साबण लावून अंघोळ करावी. नंतरच्या आठवड्याभरात अचानक थंडी वाजून ताप आला, डोके आणि कंबर मोडून आली, तर जंगलात गेलो होतो हे डॉक्टरांना न विसरता सांगावे.